रुसायची खोली भाड्याने

आमच्या घरामागे बाग आहे आणि बागेच्या टोकाला एक खोली आहे. सासऱ्यांनी ती कुदळी-फावडी ठेवायला बांधली होती. पण माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तिचा खरा उपयोग एकच, ह्यांनी तिथे जाऊन रुसायचं.

रुसण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. माझा आवाज चढला की हे एक अक्षर न बोलता उठत, वर्तमानपत्र काखेत मारत आणि बाग ओलांडून खोलीत जात. दार आपटत नसत, हळूच लावत, आणि त्याचाच मला जास्त राग येई. आत वेताची एक खुर्ची होती, बसून बसून तिची बैठक पार खाली गेलेली. स्वयंपाकघरातून पाहिलं तर त्या खिडकीच्या काचेवर झाडाची सावली आणि तिच्यामागे उघडलेला पेपर, एवढंच दिसे. माझा राग उतरला की मी चहा करायची, कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. थोड्या वेळाने हे कप विसळून आणून ठेवत आणि विचारत, "बाजारातून काही आणायचंय का?" झालं, भांडण संपलं. चुकलं कोणाचं, हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

मग हे निवृत्त झाले आणि नेमकं त्याच वर्षी घराचं छप्पर गळायला लागलं. लेक सुट्टीला आली होती. ती म्हणाली, मागची खोली रिकामीच पडलेली असते, भाड्याने द्या, चार पैसे सुटतील. रिकामी! मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी गळक्या छताकडे पाहिलं. आपण तिथे रुसतो, असं कोणता बाप लेकीसमोर कबूल करेल?

"देऊन टाका," हे म्हणाले.

मी एकदा पदर खोचला की मागेपुढे बघत नाही. खोलीला रंग दिला, नवा दिवा लावला, फावडी जिन्याखाली कोंबली आणि उरलंसुरलं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. फाटकावर पाटी लावली तशा लगेच टेलरबाई आल्या. पस्तिशीच्या, गळ्यात टेप, कानामागे खडू आणि बोलायला फटकळ. त्यांनी शिलाई मशीन, इस्त्री, कापडं कापायचं मोठं टेबल आणि बिनमुंडक्याचा एक पुतळा आणून मांडला. दोन दिवसांत गिऱ्हाइकांची रीघ लागली. पहिलं भाडं हातात पडलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "माझी खुर्ची कुठाय?"

मी सांगितलं की भंगारात गेली, तिचं बूड उरलं नव्हतं. मला का विचारलं नाहीस, म्हणाले. तुम्हीच म्हणालात ना देऊन टाका, म्हटलं. मी खोलीबद्दल बोलत होतो, म्हणाले. शब्दाने शब्द वाढला, माझा आवाज चढला, आणि हे उठले. पेपर काखेत मारला, सवयीने बाग ओलांडली, दार ढकललं. आत एक बाई अर्ध्याच शिवलेल्या कोटात, अंगभर टाचण्या लावून उभी होती. तिची किंकाळी मला चुलीपाशी ऐकू आली. हे आल्या पावली परत आले आणि घराच्या मधोमध उभे राहिले.

तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आता रुसायला जागा नाही.

ह्यांनी प्रयत्न करून पाहिले. फाटकाशी बाकावर बसले, तर येणारे-जाणारे तब्येतीची चौकशी करू लागले, आणि कुशल सांगता सांगता माणूस रुसणार कसा? न्हाणीघरात कडी लावून बसले, तर मला कपडे भिजवायचे होते. शेवटी हे बैठकीत माझ्यासमोरच तोंड फिरवून बसू लागले. माझा राग केव्हाच उतरला होता. पण चहा ठेवू कुठे? हातात द्यावा तर नाक घासल्यासारखं दिसणार, टेबलावर ठेवावा तर तो नुसता चहा. मी टेबलावर ठेवून पाहिला. त्यावर साय धरली, हे जागचे हलले नाहीत.

आधी मला हसू येत होतं. पण पंधरवडा उलटला आणि घरात आवाज फक्त भांड्यांचाच उरला, तेव्हा मला खरंच भीती वाटायला लागली. इतक्या वर्षांत आम्हा दोघांना भांडण मिटवायला आलंच नव्हतं. ते त्या खोलीला येत होतं, आणि तीच मी भाड्याने दिली होती. आता हे असंच राहिलं तर? उरलेलं आयुष्य आम्ही एकमेकांना मीठसुद्धा न मागता काढणार?

त्यातच हे दुपारचे नाहीसे व्हायला लागले. कुठे जाता, विचारायची सोय नव्हती. आणि घरातल्या कपड्यांना काहीतरी होऊ लागलं. ह्यांची एक पँट आखूड झाली. मग दुसरी कमरेत घट्ट झाली. मग एका शर्टाची कॉलर उलटली. एके दिवशी बैठकीतला पडदा गायब झाला आणि वीतभर तोकडा होऊन परत आला. हे घोट्याच्या वर पँट घालून, श्वास रोखून घरात वावरत होते आणि मी कपाळाला हात लावून बघत होते.

उलगडा टेलरबाईंनी केला. एका दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, तुमच्या काकांचं काहीतरी करा. रोज एक कापड घेऊन येतात आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतात ते उठतच नाहीत. नुसतं कोण बसवून ठेवणार? मी त्यांना टाके उसवायला दिलेत. काम बरं करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण काल विचारलं, काका, कशाची वाट बघताय? तर म्हणाले, चहाची. मी केला लगेच. तर कपाकडे बघून म्हणाले, हा नाही."

मला एकदम भरून आलं. टेलरबाईंना ते दिसू नये म्हणून मी आधण ठेवायला वळले.

कप घेऊन मी बाग ओलांडली. खिडकीच्या आत, मशीनच्या खडखडाटात, हे मांडीवर कुणाचा तरी कोट घेऊन चष्म्यातून अस्तराचे टाके काढत बसले होते. मी कट्ट्यावर कप ठेवला आणि मागे न बघता परत आले. थोड्या वेळाने मोरीशी कप विसळल्याचा आवाज आला.

"बाजारातून काही आणायचंय का?"

"खुर्ची आणा," मी म्हटलं. "एक चांगलीशी."

ती खुर्ची टेलरबाईंच्या खोलीत खिडकीशी ठेवायची ठरली. बाई ताबडतोब म्हणाल्या की खुर्ची जागा खाते, तेवढं भाडं कमी करा. मी घासाघीस करणार होते, पण ह्यांनी तेवढ्यात मान डोलावली. छप्पर अजून एका कोपऱ्यात गळतं. तिथे आम्ही बादली ठेवतो.

पुढचं भांडण त्या बादलीवरूनच झालं. ह्यांनीच ती लाथाडून सांडली आणि वर मलाच बोलले. या वेळी मी आधी उठले. पेपर काखेत मारला, बाग ओलांडली आणि टेलरबाईंनी भुवया उंचावल्या तरी सरळ जाऊन ह्यांच्या खुर्चीत बसले. तोंड लपवायला पेपर उघडला, आणि त्याच्या वरून समोर पाहिलं.

माझं अख्खं स्वयंपाकघर दिसत होतं. चूल, फडताळ, डब्यांची रांग, सगळं. म्हणजे एवढी वर्षं मी तिथे जे जे केलं ते ह्यांनी इथे बसून पाहिलं होतं. एकटीच बडबडत भांडी आपटणं, ह्यांची नक्कल करणं, मग ओट्याशी नुसतं उभं राहणं, पदराने डोळे पुसणं, आणि शेवटी चहाचं भांडं खाली काढणं. पेपर वाचतात म्हणे! मी कप घेऊन दाराबाहेर पडले की तो वर जात असणार.

समोर हे एकेक डबा उघडून वास घेत होते. एकात बोट घालून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. मी तोंडात बोळा कोंबल्यासारखी हसू दाबत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कप घेऊन हे निघाले तशी मी पेपर वर केला. कट्ट्यावर कप वाजला. हे मागे न बघता परत गेले.

चहात साखर नव्हती. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कप विसळला आणि घरात नेऊन ठेवला.

"बाजारातून काही आणायचंय का?" मी विचारलं.

"साखर आण," हे म्हणाले. "संपली वाटतं."

साखरेचा डबा ह्यांच्या कोपराशी काठोकाठ भरलेला होता. मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि साखर आणायला निघाले.