कुटुंब गावाला असतं

छप्पन्न साली घोडपदेवमध्ये एकाही माणसाला खोकला नव्हता. हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो. चारशे बारा फॉर्म होते आणि ते सगळे मी माझ्या हाताने भरले होते, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता त्याच घोडपदेवमध्ये गुणाजी राहत होता. आमच्याच गाळ्यात, माझ्या वळकटीला लागून त्याची वळकटी. गिरणीत कार्डिंग खात्याला, जिथे कापसाच्या धुळीने समोरचा माणूस दिसत नाही. तो खोकायला लागला की रे रोडच्या लाकडाच्या वखारींवरची कबुतरं उडायची. एकदा तर त्याच्या खोकल्याला पाळीचा भोंगा समजून शंभरेक माणसं डबे घेऊन गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि दरवानाने त्यांना आत घेतलंसुद्धा. हे खोटं वाटत असेल तर सोडून द्या. खोकला मात्र खरा होता, आणि अलीकडे त्या खोकल्यामागून तो फडक्यात काहीतरी गुंडाळून मोरीकडे जायचा, तेही खरं होतं.

मी तेव्हा डॉक्टर रमाकांतांच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर मूळचे गिरगावचे. शिकलेले, गोरेपान, बोलणं पुस्तकासारखं. गिरगावात दवाखाना टाकला असता तर आजवर मोटार आली असती, पण डोक्यात किडा. "धोंडू," मला म्हणायचे, "दवाखान्यात आपल्याला आजाराचं नुसतं शेपूट दिसतं. आख्खा आजार बघायचा तर दारोदार गेलं पाहिजे."

गुणाजीला त्यांनी चारदा धरून बसवलं. म्हणाले, एक्स-रे काढून ये.

"माका काय जाला नाय," गुणाजी म्हणाला.

"काही झालं नसेल तर काढायला काय जातं?"

"एकट्यान मी जावचंय नाय. सगळ्यांचो काढतले तर माजो काढा. एकटो गेलंय तर लोक म्हणतले, गुणाजी शिवडीक गेलो."

शिवडीच्या क्षयाच्या दवाखान्यातून बरे होऊन आलेले आमच्या गल्लीत दोघे होते. पण त्या दोघांना अजून कोणी पाण्याचा तांब्या हातात देत नव्हतं. गाळ्यातून वळकटी बाहेर पडली की झोपायचं कुठे, आणि गिरणीत कळलं तर परत घेणार कोण? गुणाजीचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं, हीच तर पंचाईत.

अशात शहरात एक सर्वेक्षण कमिटी बसली. तिचं नाव एवढं लांब होतं की पाटी दोन खिडक्यांवरून गेली होती. या कमिटीकडे एक्स-रेची मोटार होती. वस्तीत येऊन उभी राहायची आणि सरसकट सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायची. ज्या वस्तीत खोकणाऱ्यांचा आकडा मोठा, तिथे मोटार पंधरा दिवस. डॉक्टर त्या दिवशी दवाखान्यात अक्षरशः नाचले. मोटार दारात आली, सगळा गाळा रांगेत उभा राहिला, की गुणाजीही उभा राहणार. आकडा तेवढा मोठा दाखवायचा. आणि घोडपदेवला खोकल्याचा काय दुष्काळ!

छापील फॉर्म आले. वर ठळक सूचना : प्रश्न छापल्याबरहुकूम विचारावा, एकही शब्द बदलू नये, समजावून सांगू नये. प्रश्न पहिला : आपले कुटुंब किती? प्रश्न दुसरा : कुटुंबास खोकला आहे काय? तिसरा : कुटुंबाच्या छातीत दुखते काय?

मी पहिल्याच दारात वाचलं. समोर लवू, साचेखात्यातला, तोंडात मशेरी.

"आपले कुटुंब किती?"

"म्हणजे? एकच." लवू थुंकून आला. "दोन करायला मी काय संस्थानिक आहे?"

"कुटुंबास खोकला आहे काय?"

"कुटुंब गावाला असतं. तिला कसला खोकला? खाडीतून कालवं काढते दिवसभर, ठणठणीत आहे."

"कुटुंबाच्या छातीत दुखते काय?"

लवूने मशेरीचा डबा खाली ठेवला आणि मनगट चोळलं. "धोंड्या, माझ्या बायकोच्या छातीची चौकशी तुला कशाला रे मेल्या?"

पुढचे तीन प्रश्न मी जिन्यात पळता पळता विचारले.

तुम्ही म्हणाल, अरे, तुला कळलं नाही? कळलं की. आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण सूचना काय होती? एक शब्द बदलायचा नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "शास्त्राचं काम आहे धोंडू, तू तुझी अक्कल घालू नकोस." मग नाही घातली. चारशे बारा पुरुषांना विचारलं आणि चारशे बारा बायकांचा खोकला लिहून घेतला, ज्यातल्या जवळपास सगळ्या मालवण, देवगड, रत्नागिरीच्या वाऱ्यावर उभ्या होत्या. गंमत वाटत होती मला. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत होती हे खरं.

डॉक्टरांनी बेरीज केली आणि कपाळाला हात लावला.

"शून्य? धोंडू, शून्य? अरे, बेरीज करताना खिडकीखाली तिघं खोकत होते!"

"ते तिघं फॉर्मात नाहीत साहेब. त्यांची कुटुंबं आहेत."

"कुटुंब म्हणजे काय समजतात हे लोक?"

मी सांगितलं. डॉक्टर खुर्चीत बसले, उठले, परत बसले. "मग फॅमिली म्हणून विचार."

"साहेब, फॅमिली म्हणजे पण बायकोच. 'फॅमिली गावाला पाठवली' असंच म्हणतात इथे."

"मग घरातली माणसं म्हण!"

"घर गावाला."

"खोलीत कितीजण राहतात, एवढं तरी सांगता येईल?"

"कुठल्या पाळीला?" मी विचारलं. आमच्या गाळ्यात एकतीस माणसं. एक पाळी उठली की तिच्या वळकटीवर दुसरी पाळी पडायची. एकाच वळकटीवर तिघांच्या अंगाचा खळगा. दोन माणसं अशी होती की चार वर्षं एकाच गाळ्यात राहून एकमेकांना त्यांनी जागेपणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन्सिल मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

ते फॉर्म तर कचेरीत द्यावेच लागले; दुरुस्त करून नवे द्यायला बारा दिवस उरले होते.

मार्ग सुंदराबाईने काढला. ती आमची खाणावळवाली. गाळ्याच्या मागच्या खोलीत तिची चूल. वय अडतीस, आवाज लालबागपर्यंत. डॉक्टर तिच्या दारात उभं राहून हताशपणे म्हणाले, "बाई, या माणसांचं काय आहे हे एका ठिकाणी कोणाला माहीत आहे की नाही?"

"मला आहे की." ती भाकरी थापतच बोलली. "हा लवू चार खातो. तो दत्ताराम पाचावरून चारावर आला, पण त्याचं मन लागत नाही म्हणून. गुणाजी तीन खायचा, आता सव्वा. उरलेली पाऊण कुत्र्याला घालतो आणि त्याला वाटतं मला कळत नाही. आठ जणांना सकाळी ठसका लागतो म्हणून मी तिखट मागाहून वाढते. नावं सांगू?"

डॉक्टर तिथेच जमिनीवर बसले. दोन तास लिहीत होते. कोण किती खातो, कोणाचं कमी झालं, कोणाच्या उशाला खोकल्याचं फडकं असतं, कोण सोमवारी पाळीवरून आला की छाती धरून बसतो. सूचना गेल्या खड्ड्यात. वस्तीतल्या सव्वीस खाणावळवाल्या आम्ही तशाच गाठल्या. आकडा निघाला एकशे एकोणतीस. एवढा मोठा आकडा शहरात कोणाचाच असणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी नवे फॉर्म भरले आणि कुटुंबप्रमुख या रकान्यात खाणावळवालीचं नाव घातलं, कारण फॉर्मात दुसरा रकानाच नव्हता.

कमिटीच्या कचेरीत एक तात्या होते. टेबलाएवढे रुंद, कानात अत्तराचा फाया. त्यांनी वरचाच फॉर्म उचलला.

"कुटुंबप्रमुख, सुंदराबाई, वय अडतीस. कुटुंबातील माणसे एकतीस." चष्मा नाकावर घसरला. "मुलगा गणपत, वय छप्पन्न?"

"मुलगा नव्हे. जेवणारा," डॉक्टर म्हणाले.

"मग नातं काय?"

"भाकरीचं."

"असं नातं आमच्या यादीत नाही." तात्यांनी पान उलटलं. "आणि हा सतरावा प्रश्न. आरोग्यासाठी सर्वांत निकडीची गरज कोणती? उत्तर, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. पुढचा फॉर्म, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. पुढचा, तेच. हे आरोग्याचे कागद आहेत की सभेचा ठराव?"

"त्यांनी जे सांगितलं ते छापल्याबरहुकूम लिहिलं," मी म्हणालो. "शब्द बदलायचा नव्हता ना."

तात्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टर, तुमचे पहिले फॉर्म नियमाप्रमाणे होते. तेच धरले आहेत. घोडपदेव, खोकला शून्य. मोटार दादरला गेली."

"दादरला! तिथे कोण खोकतं?"

"बावीस जण. त्यांनी नीट लिहून दिलंय."

डॉक्टर परत आले. दवाखान्यात येऊन त्यांनी मिक्स्चरची एक बाटली भिंतीवर फेकली. आयुष्यात पहिल्यांदा. मग स्वतःच काचा गोळा केल्या. त्याच आठवड्यात गुणाजीचं फडकं मला दिसलं. लाल होतं.

सुंदराबाईला सगळं सांगितलं तेव्हा ती परातीत हात तसाच ठेवून म्हणाली, "मोटार येत नाही ना? मग आपण जाऊ. सगळे. ज्याला माझ्याकडे उद्या जेवायचंय तो आज माझ्याबरोबर चालेल."

एकतीसच्या एकतीस निघाले. ज्यांची पाळी होती त्यांनी खाडा केला. गुणाजी मधोमध, दोन्हीकडून घट्ट. नेमका कोणाचा फोटो काढायला चाललेत हे रस्त्यावरच्या कुणाला कळणार नाही, अशी त्याची खात्री झाली तेव्हा कुठे त्याने चप्पल घातली. डॉक्टर पुढे, मी मागे, चिंचपोकळीवरून लालबागच्या दिशेने दादरकडे. सकाळचे दहा. आणि जमावबंदी पुन्हा लागलेली होती, पाच माणसं एकत्र दिसायची नाहीत. आम्हाला माहीत होतं. पण आम्ही मोर्चा कुठे होतो?

घोटाळा लवूने केला. वर्षभर रोज मोर्च्यात चालून त्याच्या घशाला सवय झाली होती. माणसं रांगेत चालायला लागली की त्याचा हात आपोआप वर जायचा.

"झालाच पाहिजे!"

"गप्प बस!" डॉक्टर मागे वळून ओरडले.

"काय झालाच पाहिजे?" मागून कोणीतरी सवयीने विचारलं.

लवूला काहीतरी म्हणणं भाग होतं. "फोटो! फोटो झालाच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" एकतीस गळे. गुणाजीचासुद्धा. त्यानंतर तो जो खोकला, त्याने परळपर्यंतची दुकानं पटापट बंद झाली, असं मी अजून सांगतो.

लालबागच्या नाक्यावर पोलिसांची लॉरी उभीच होती.

"कसला मोर्चा?" फौजदार.

"मोर्चा नाही," डॉक्टर म्हणाले. "हे कुटुंब आहे."

फौजदाराने सुंदराबाईकडे बघितलं, मग रांगेच्या टोकापर्यंत बघितलं. "कुटुंबनियोजनवाल्यांना कळवायला हवं. चला, घाला सगळं कुटुंब लॉरीत."

सुंदराबाई म्हणत राहिली की चुलीवर डाळ आहे. तिला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि दुपारी सोडलं. आम्हा पुरुषांची रवानगी तुरुंगात. डॉक्टर सारखे सांगत होते की आम्ही दादरला एक्स-रे काढायला चाललो होतो, आणि शिपाई सारखे हसत होते. त्या दिवसांत रोज शेकड्यांनी माणसं आत जात होती, ऐकायला वेळ कोणाला?

तुरुंगाच्या आवारात आम्हाला उभं केलं. आत घेण्याआधी प्रत्येकाची तपासणी. तुरुंगाचा डॉक्टर म्हातारा, कंटाळलेला, गळ्यात नळी. "सदरे काढा. सगळ्यांनी."

गुणाजी माझ्या मागे होता. "सगळ्यांची बघतत काय रे?"

"सगळ्यांची."

त्याने मागे बघितलं, पुढे बघितलं. एकतीस उघड्या छात्या. आमचे डॉक्टरही त्यात, जानव्यासकट. गुणाजीने सदरा डोक्यावरून काढला. म्हाताऱ्याने माझ्या छातीवर नळी लावून लगेच ढकलून दिलं. गुणाजीच्या छातीवर लावली आणि थांबला. पाठीला लावली. परत छातीला. पहिल्यांदाच त्याचा कंटाळा गेलेला दिसला.

"किती दिवस खोकतोस?"

"दोन वर्सां."

"रक्त?"

"दिवाळीपास्ना."

डॉक्टर रमाकांत रांग सोडून पुढे आले. चेहरा लालबुंद. "दोन वर्षं? दिवाळीपासून? अरे, मी चारदा विचारलं तुला!"

"तुमी माका एकट्याक इचारलास," गुणाजी म्हणाला. सदरा पोटाशी धरून, अपराध्यासारखा.

म्हाताऱ्याने चिठ्ठी लिहिली. तासाभरात दोन शिपाई गुणाजीला इस्पितळात घेऊन गेले. सरकारी कैदी, नेणं भागच होतं. आमचे डॉक्टर गजांतून ओरडत होते, "इंजेक्शनं रोज घ्यायची! बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही! गुणाजी, ऐकलंस का?" गुणाजीने मागे न बघता हात वर केला.

मग डॉक्टर भिंतीला टेकून बसले. आम्हाला वाटलं, खूश असतील. जवळ गेलो तर पुटपुटत होते. "एक सापडला. तीन महिने, चारशे फॉर्म, आणि एक. तोही पोलिसांना."

"सोपं आहे डॉक्टरसाहेब," लवू म्हणाला. "रोज एकतीस-एकतीस आणू. झालाच पाहिजे म्हटलं की काम झालं."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते घोडपदेवची वस्ती एकतीसने भागत होते.