सुकाच्या गळ्यातली फळी

मी एक जुनी फळी आहे. हसू नका, मित्रांनो! वीतभर लांबी आणि दोन भोकं, एवढ्या भांडवलावर मी अख्खी शाळा गप्प बसवली आहे.

माझा जन्म परदेशातला. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, तेव्हा एका यंत्राच्या खोक्याला ठोकलेली मी बोटीने इकडे आले. खोकी फुटली आणि लाकूड गावोगाव गेलं. माझ्या बहिणींची कोंबड्यांची खुराडी झाली. मला विश्राम मास्तरांनी उचललं. मास्तर किनाऱ्याकडच्या बागायतदार घरातले, पण नोकरी उमरोळीपलीकडे डोंगराकडच्या शाळेत. तिथली मुलं सगळी वारली पाड्यांवरची.

ती शाळा एका स्पॅनिश पाद्रीबाबांनी काढलेली. त्यांना मराठी येत नसे, म्हणून ते आपल्याच भाषेत हुकूम सोडत. 'लेवांताते' म्हणत आणि स्वतःच उठून उभे राहत. 'सिएन्ताते' म्हणत आणि धपकन बसत. मुलं हसून लोळत. नुसता पोरखेळ! बाबा मायदेशी गेले आणि मास्तरांनी त्या खेळाला शिस्त लावली. स्पेनहून देणगीदार पाहुणे येत, त्यांच्यापुढे वर्ग चमकायला हवा ना! मास्तरांनी हुकूम तेच ठेवले, हसणं तेवढं बंद केलं.

वर्गात जो घरची बोली बोलेल, त्याच्या गळ्यात मी. दुपारी दलिया वाटताना मी ज्याच्या गळ्यात, तो उपाशी. घरी जातानाही मला काढायचं नाही. सुटका एकच. दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं आणि मला त्याच्या गळ्यात घालायचं. काय सुरेख नियम होता! मास्तरांना कान टवकारावे लागतच नसत. मुलंच एकमेकांच्या तोंडावर टपून असत.

एकदा मास्तर ओरडले, "सिएन्ताते!" लाडकी नावाच्या नव्या मुलीने शेजारणीला विचारलं, "काय सांगतंय गं?" झालं! मी तिच्या गळ्यात पडले. तिचे आईबाप वीटभट्टीवर गेले होते. ती आणि धाकटा भाऊ सुका काकाकडे राहत, आणि तिथे खाणारी तोंडं आधीच फार. शाळेतला दलिया हेच दोघांचं जेवण. लाडकीला कुणी सापडेना. दुसऱ्या दिवशीही ती उपाशीच राहिली.

तेव्हा सुका आपली थाळी घेऊन तिच्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "बाय, तू खा. मना भूक नाय."

लाडकीने थाळीकडे पाहिलं. मग मला काढलं आणि भावाच्या गळ्यात घातलं.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "याला म्हणतात शिस्त." त्यांनी सुकाची थाळी तिच्यापुढे सरकवली. तिने ती चाटूनपुसून खाल्ली. सुका समोर बसून बघत होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस!

वाटेत मात्र गंमत झाली. लाडकी रडू लागली. "सुका, मी बोललू ना? मना पकड. घाल माझ्या गळ्यात!" दुसऱ्या दिवशी वर्गातही ती मुद्दाम मोठ्याने बोलली, "आमी उपाशी हाव, मास्तर!" सगळे सुकाकडे बघू लागले. त्याने नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. वेड्याने मला मुठीत घट्ट धरून ठेवलं. मी द्यायची वस्तू आहे, ठेवून घ्यायची नव्हे, हे त्या मूर्खाला कळलंच नाही!

मग बाप आला आणि त्याला भट्टीवर घेऊन गेला. जाताना सुकाने मला खुंटीला टांगलं. लाडकी दारात उभी होती. "येतू तरी म्हन रं," ती म्हणाली. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. शाळेत इतका चांगला धडा दुसऱ्या कुणी गिरवला नसेल.

त्यानंतर लाडकी रोज मोठ्याने बोलायची आणि रोज मला मागून घ्यायची. कुणाला पकडायचीच नाही. अशा मुलांपुढे माझं काय चालणार? मास्तर कंटाळले आणि मला कपाटामागे टाकून दिलं.

आज मी धूळ खात पडले आहे. पण परदेशी लाकूड, वाळवी अजून लागलेली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करायला शिका. मला बाहेर काढा, पुसा आणि नवी दोरी ओवा. दोरी मात्र आखूड घ्या, मुलांचे गळे लहान असतात.