दोनदा पेडल

माझ्या दादाला गाडीतलं सगळं कळतं, फक्त आता गाड्याच बदलल्यात हे कळत नाही. आणि कळून घ्यायचंही नाही! वर्षभर मी घसा फोडतेय: गॅरेजचा एक कोपरा मला दे, इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्तीला घेऊ या, मी ते काम शिकून आलेय. तर म्हणतो, "ती काय गाडी आहे? मिक्सर आहे मिक्सर!" शेजारच्या टायरवाल्यासकट सगळे हसतात. इकडे ऑइल बदलायलाही कुणी फिरकत नाही, पण ह्याचा तोरा कायम.

काल एक बाई तसली गाडी घेऊन आल्या. पुढचं चार्जिंगचं झाकण अडकलं होतं. घाईघाईत त्या गाडी चालूच ठेवून उतरल्या, गिअरही तसाच. मी झाकणापाशी गुडघ्यावर बसले, पाठीमागे कामाचं टेबल. दिवे लागलेले दिसले म्हणून बाईंना हाक मारणार, तोवर दादासाहेब गाडी सुरू करून बघायला दार उघडून आत बसलेसुद्धा.

आमच्या आबांची शिकवण अशी, की गाडी सुरू करायच्या आधी ॲक्सिलरेटरचं पेडल दोनदा दाबायचं. जुन्या पेट्रोल गाड्यांना ते लागायचं. त्या गाड्या भंगारात गेल्या, आबाही गेले, दादाचा पाय मात्र काही सुधारला नाही.

"दादा, चालू आहे ती! पाय काढ!"

"चालू म्हणे! आवाज तरी येतोय का?" म्हणत त्याने पेडल दाबलं.

मी बाजूला कशी पडले, माझं मला ठाऊक नाही. गाडीने टेबल ढकलत नेऊन भिंतीत घुसवलं. मी बसले होते तिथे आता गाडी होती. कोपर सोलपटलं, एवढ्यावरच निभावलं.

दादा उतरला तो पांढराफटक. "आवाजच नव्हता गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

माझं डोकंच फिरलं. "माझा होता ना आवाज! बेंबीच्या देठापासून ओरडत होते मी! इंजिनाला कान लावून बसतोस तासन्‌तास, बहीण बोलली की कान फुटतात का तुझे?"

बाई रडवेल्या झाल्या. "आता माझ्या गाडीचं काय?"

दादाने मान खाली घालून माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला येतं ते काम."

वर्षात पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही कधी, तर मी मरता मरता वाचल्यावर! बरं वाटायला हवं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"येतंच मला," मी म्हणाले. "पण आता कोपराबिपरा नको. अख्खं गॅरेज मी बघणार. आणि मी बोलावेपर्यंत तू आत पाऊल टाकायचं नाहीस. हो बाहेर!"

तो निमूट बाहेर गेला, भर रस्त्यात उभा राहिला. मी आत वाकून गाडी बंद केली. मग बाईंना स्टूल पुढे केलं. "बसा, बघते मी."