गाडी वाकली ती वाकलीच

चष्म्याच्या दुकानदाराने ती गाडी घेतली ती केवळ आईच्या गुडघ्यांसाठी. आई एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती, आणि जन्मभर वॉर्डातून उभ्याने फिरल्यामुळे तिचे गुडघे कामातून गेले होते. बुटक्या गाडीत तिला उतरता येत नसे आणि उंच गाडीत चढता येत नसे. जुन्या गाड्या विकणाऱ्याने हे ऐकलं आणि एक बटण दाबलं. समोरची काळीभोर, खोलीएवढी आलिशान गाडी उसासा टाकून खाली बसली. हिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत, असं त्याने समजावलं; हवा सोडली की वाकते, भरली की उठते. आईने पाय आत टाकला, टेकून बसली आणि म्हणाली, "हिच्यावर संस्कार चांगले आहेत."

नवी घ्यायची तर दुकान विकावं लागलं असतं. ही वापरलेली, म्हणून साध्या गाडीच्या भावात मिळत होती. बायकोने एवढंच विचारलं की इतकी गुणी गाडी आधीच्या माणसाने विकली कशाला. त्याने तो प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवलं.

पंधरा दिवसांतच गाडी दुकानासमोर वाकली ती वाकलीच. बटण दाबून दाबून त्याचा अंगठा दुखायला लागला, तेव्हा कुठे डावी बाजू उठली. उजवी हलेना. गाडी तशीच कललेली, अख्खी काच व्यापून उभी राहिली. दुकानात डोळे तपासून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत आणि नकळत माना वाकड्या करत. दोघातिघांनी तर आपल्याला सगळं तिरकं दिसतंय म्हणून नंबर वाढवून मागितला.

मिस्त्रीने निदान केलं. पिशवीला चीर गेली होती, आणि ती भरता भरता हवा भरणारा पंपही जळाला होता. दोन्ही बदलायला दुकानाचं सहा महिन्यांचं भाडं गेलं. गाडी उठली, घरी आली आणि गरम साखरेसारखा वास सोडू लागली. इंजिन थंड ठेवणारं पाणी एका प्लास्टिकच्या नळीतून गळत होतं. नळी स्वस्त होती, पण तिच्यापर्यंत हात पोचायला अर्धं इंजिन सोडवावं लागलं. ते जोडून होतंय तोवर आतून खुळखुळ ऐकू यायला लागली. इंजिनातली साखळी सैल झाली होती, आणि ती बदलायची तर गाडीचं वरचं अंग चाकांपासून वेगळं करून उचलावं लागणार होतं.

"अपेंडिक्स काढायला डोकं उतरवायचं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"मी नाही हो बसवलं तसं, मेट्रनबाई," मिस्त्री म्हणाला. तो धिप्पाड होता, पण त्यांच्यापुढे उभं राहताना हात मागे बांधायचा.

वरचं अंग उचललं, आणि साखळी परदेशातून यायची असल्याचं त्यानंतर कळलं. मिस्त्रीच्या गॅरेजात दोन्ही अर्ध्या भागांना जागा नव्हती. त्याने फार संकोचून विचारलं की वरचा भाग तेवढे दिवस घरी नेता येईल का. दुसऱ्या दिवशी क्रेन आली आणि गाडीचं बिनचाकी धड घरापुढच्या अंगणात विटांच्या चार खांबांवर ठेवून गेली. बायकोने त्यापुढे कपडे वाळत घालायची जागा बदलली. त्या बाजूला ती फिरकेनाशी झाली. त्याला ते लागलं.

मेट्रनबाईंनी मात्र बॅटरी जोडून घेतली. बटण दाबलं की सीट पाठ रगडून देत असे, तेवढा भाग ठणठणीत होता. दुपारभर त्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. शेजारणी यायच्या, चपला बाहेर काढायच्या आणि पाळीपाळीने पाठ रगडून घ्यायच्या. संध्याकाळी चार ते सहा मेट्रनबाई रिक्षाने गॅरेजात जात आणि खालचा अर्धा भाग बघून येत. ती भेटायची वेळ त्यांनीच ठरवली होती.

तिथे त्यांना बाकीचे भेटले. एक नोटरी होता, एक पोहायला शिकवणारी बाई होती, एक लग्नाचे मांडव घालणारा होता. तिघांकडे त्याच बनावटीची गाडी, आणि तिघांचीही आजारी. नोटरीची चौथ्या गिअरला अडून बसे. पोहणाऱ्या बाईंची एका डोळ्याने आंधळी होती, कारण नुसत्या दिव्याला एका स्कूटरची किंमत पडत होती. मांडववाल्याची रोज सकाळी दुकानदाराच्या गाडीसारखीच वाकलेली सापडे. महिनाभरात मेट्रनबाईंना प्रत्येकाची दुखणी तोंडपाठ झाली.

साखळी आली तेव्हा मिस्त्रीने दुकानदाराला बाजूला घेऊन बसवलं. जुन्या, सैल साखळीने इंजिन आतून ओरबाडलं होतं. आता सगळं करायचं तर गाडी घेतली त्याच्या दीडपट खर्च येईल. आईला एक आराम द्यायचा होता, तोही धड जमला नाही, असं दुकानदाराला वाटत राहिलं. त्याने घरी येऊन, विटांवरच्या धडात तिच्या शेजारी बसून, सगळं सांगितलं.

आईने सीटचं बटण बंद केलं.

"हृदय गेलंय ना? मग उगाच नळ्या लावून ठेवू नकोस. बाकीचे अवयव चांगले आहेत. त्या तिघांना देऊन टाक."

"आई, ती गाडी आहे."

"म्हणून तर घरच्यांच्या सह्या लागणार नाहीत."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. चष्मा पुसायला लागला तर कापड सापडेना. तेवढ्यात खिडकीतून बायकोने पदर पुढे केला. किती दिवसांनी ती त्या गाडीजवळ आली होती.

गिअरबॉक्स नोटरीकडे गेला, दिवे पोहणाऱ्या बाईंकडे, पंप आणि पिशव्या मांडववाल्याकडे. त्यांनी दिलेल्या पैशांत दुकानाचं थकलेलं भाडं फिटलं. धड भंगारात गेलं त्या दिवशी मेट्रनबाई घरातच बसून राहिल्या. पण दर रविवारी त्या तिघांना फोन करून विचारत: ताप येतो का, आवाज येतो का, रात्री नीट उभी राहते का. तिघंही खालच्या आवाजात, खरं खरं सांगत.

पुढे नोटरीने आग्रह केला की नव्या गिअरबॉक्सचा पहिला लांबचा प्रवास मेट्रनबाईंशिवाय करायचा नाही. बाकीचे दोघेही आपापल्या गाड्या घेऊन निघाले. दुकानदार आईशेजारी बसला. दुपारपर्यंत तीन काळ्या गाड्या एकामागोमाग झोकात चालल्या होत्या, आणि मग घाटात पहिली धुरकटली, दुसरी तिच्यामागे थांबली ती पुन्हा सुरूच झाली नाही, आणि तिसरीच्या पडद्यावर एवढे इशारे उमटले की मांडववाल्याने घाबरून स्वतःच किल्ली फिरवून ती बंद केली.

कोणी कोणाला दोष दिला नाही. मेट्रनबाईंनी सगळ्यांना सावलीत बसवून पाणी प्यायला लावलं. गाड्या ओढून नेणारे तीन ट्रक आले. पोहणाऱ्या बाईंनी आणि मांडववाल्याने मेट्रनबाईंना हातांच्या झोळीत उचलून पहिल्या ट्रकच्या उंच केबिनमध्ये बसवलं. दुकानदार त्यांच्याशेजारी चढला आणि हळूच माफी मागू लागला.

मेट्रनबाईंचं लक्ष नव्हतं. त्या ड्रायव्हरला विचारत होत्या की हा ट्रक किती जुना आहे, आणि तो म्हणाला की वडिलांच्या वेळचा. मग त्या बराच वेळ इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत राहिल्या.

"याची किंमत विचारून ठेव," त्या मुलाला म्हणाल्या.