बटाटाबंदी

माझी बायको एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. तिला विचारल्याशिवाय तिथे साधा स्क्रूसुद्धा आत येत नाही की बाहेर जात नाही, म्हणून सगळे तिला कोतवाल म्हणतात. मीही म्हणतो, पण ती ऐकत नसताना. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. म्हणजे करत होतो, रक्ताचा कॅन्सर निघेपर्यंत.

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं. रक्तात ॲस्पॅराजिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, रोगाच्या पेशी त्यावर जगतात. हे औषध ते रक्तातून संपवतं आणि त्या पेशी उपाशी मरतात. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. कोतवालांचे डोळे मात्र चमकले. रसद तोडायची! हे तर तिचं रोजचं काम!

घरी आल्या आल्या तिने मोबाईलवर शोधाशोध केली आणि फर्मान काढलं. ज्यात ज्यात ते आम्ल जास्त, ते उंबरठ्याच्या आत येणार नाही. अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, सगळे एका फटक्यात हद्दपार. आणि बटाटा! अहो, मी बटाट्यावर पोसलेला माणूस. शेजारच्या वहिनींनी मायेने पाठवलेले तळलेले बटाटे माझ्या डोळ्यांदेखत दारातून परत गेले. माझ्या वाट्याला उरला उकडलेला भोपळा, कोबी आणि सफरचंद.

ही बंदी फुकटची आहे हे मला माहीत होतं. सलाईन लावणाऱ्या नर्सला मी हळूच विचारलं होतं. "खुशाल खा, काका," ती म्हणाली होती. तरी मी गप्प बसलो. आजार कळल्यापासून ही बाई धुतलेली भांडी पुन्हा धूत होती, बोलता बोलता मधेच थांबत होती. बंदी सुरू झाली आणि तिचा आवाज परत आला. भोपळ्याची फोड पुढ्यात ठेवून म्हणायची, "खा बिनधास्त. आज काहीही आत शिरलेलं नाही." तिला असं बघून मला इतकं बरं वाटायचं! भोपळा मात्र घशाखाली उतरायचा नाही. पँट कमरेवर टिकेना.

व्हायचं तेच झालं. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतकं घसरलं? आज डोस देता येणार नाही. आठवडाभर नीट खा. पण फार लांबवून चालायचं नाही हं."

कोतवालांनी छाती पुढे काढून बंदीची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो ताई, या आम्लाला आम्ही अनावश्यक म्हणतो. म्हणजे ते शरीराला लागतं, पण अन्नातून आणावं लागत नाही. शरीर स्वतःच बनवतं. यांच्या निरोगी पेशी आपापलं बनवून घेतात. रोगाच्या पेशींना ते फारसं जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. आणि रक्तातलं औषध मोडून टाकतं. त्यात बटाट्याचा काय गुन्हा?"

"मी काकांना तेव्हाच सांगितलं होतं," नर्स म्हणाली. संपलं!

घरी येऊन बायकोने बटाटे उकडले, लोणी घातलं आणि ताटली माझ्यापुढे आदळली.

"माहीत होतं तुम्हाला?"

"थोडंसं."

"थोडंसं? माझं मन राखायला जिवाशी खेळ? अक्कल गहाण टाकलीत की काय?"

"मीठ कमी आहे," मी म्हणालो. ती हसली नाही. समोर बसली आणि एकदम तिचा चेहरा पडला.

"शरीर ते आम्ल बनवतं. औषध ते मोडतं. औषध डॉक्टर देतात. मग मी काय करू? सांगा ना, मी काय करायचं?"

इतके दिवस मी सगळं थट्टेवारी नेलं होतं. आता थट्टा सुचेना.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो. "आज डोस नाही म्हटल्यावर तर हातपायच गळाले. तू नुसती माझ्याजवळ बस."

तिने खुर्ची ओढून माझ्या बाजूला आणली.

"हे आधी बोलायला तोंड नव्हतं?" म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला. नेमका उजवा. "खा आता."

मी डाव्या हाताने खाल्लं.