ओरडण्याआधीच पडलेला राजा

कमलाकर देवस्थळींना राजाचं काम मिळालं ते नाइलाजाने. नॉटिंगहॅममधलं त्यांचं हौशी मंडळ दर ऑगस्टमध्ये पाचशे वर्षांपूर्वीच्या बॉसवर्थच्या लढाईचा खेळ करी. निवृत्तीनंतर ते त्यात साधे भालाईत असत. यंदा त्या लढाईत मारला गेलेला राजा, तिसरा रिचर्ड, करणाऱ्याचा पाय मोडला आणि मुकुट यांच्याकडे आला.

बायको, नीना, भडकली. "या वयात लोखंड घालून उन्हात पळणार? मला नाही बघवायचं!" म्हणत ती लंडनजवळ एजवेअरला बहिणीकडे निघून गेली.

मुलगी अनुया मात्र सोबत आली. आठवडाभर तिनेच त्यांची तालीम घेतली होती. राजा शत्रूच्या निशाणापर्यंत धावतो, त्याला साथ द्यायचे ते सरदार उलटतात, तो "ट्रीझन! ट्रीझन!" म्हणजे दगा, दगा, असं ओरडतो, आणि मगच पडतो.

गावाबाहेरच्या कुरणात ऊन रणरणत होतं. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरापलीकडे बाबा तलवार उगारून धावले, अर्ध्या वाटेत गुडघ्यांवर आले, मग तोंडावर पडले.

ते ओरडले नव्हते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुया दोराखालून आत घुसली, तर पिवळ्या जाकिटातल्या, बंदोबस्तावरच्या बाईंनी तिचा दंड धरला. "शो आहे, लव्ह. मागे हो."

"ही इज नॉट अ‍ॅक्टिंग! माझा बाबा आहे तो!"

तालमीत ठरल्याप्रमाणे शत्रूचे शिपाई राजाभोवती गोळा झाले आणि लाकडी परशू त्यांच्या चिलखतावर आपटू लागले. अनुयाने हिसका दिला आणि धावत सुटली. सगळ्यात पुढे असलेल्या, मंडळातल्याच ग्रॅहमला तिने दोन्ही हातांनी ढकललं. "थांब! मारू नको त्याला!"

तिचा चेहरा बघून ग्रॅहमच्या हातातला परशू गळून पडला.

शिरस्त्राण निघेना. हनुवटीखालचा पट्टा घामाने फुगला होता. "कापा ना कोणीतरी! कट इट!" ग्रॅहमने चाकूने पट्टा कापला. आत बाबांचे ओठ निळे पडले होते. पण छाती दाबायची तरी कशी? वर पोलादी पत्रा. त्याची बकलं दोघं मिळून ओरबाडत होते, नखं तुटत होती, आणि ध्वनिक्षेपकावरचा माणूस अजून रंगात येऊन सांगत होता, की इथे राजा पडला आणि त्याचं राज्य संपलं.

पत्रा निघाला. अनुया छाती दाबत राहिली. कुणीतरी गावच्या हॉलमधून शॉक द्यायचं मशीन आणलं, ते लावलं, पुन्हा लावलं. अँब्युलन्स आली. "बाबा, श्वास घे ना, प्लीज," ती वाटभर म्हणत होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. त्या बसल्या तेव्हाच तिला कळलं.

ग्रॅहम शिपायाच्याच वेषात भिंतीला टेकून रडत होता. "मी मारलं का त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "तू पोचायच्या आधीच तो गेला होता." खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं.

मग तिने आईला फोन लावला. आईचा राग केव्हाच ओसरला होता. मागे मावशी हसत होती, कपबशा वाजत होत्या.

"काय गं, पडले का तुझे राजे?" आईने विचारलं.

अनुयाने तोंड उघडलं.

"अनुया? अगं, बोल ना. बाबांना दे बरं फोन."