टीव्हीला कसं कळलं

मदिना धुळ्यात घरीच शाळेचे गणवेश शिवायची. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा मोईज नरडाण्याच्या कारखान्यात लागला होता, सून मंतशा गुणाची मिळाली होती. मदिनाला आता कशाची कमी नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

बकरी ईदनंतर तिच्या बहिणीनं नशिराबादचं एक स्थळ सुचवलं. नूर महंमद, निवृत्त मास्तर, बायको वारलेली, मुली आपापल्या घरी. "डोकं फिरलं का तुझं?" म्हणून मदिनानं बहिणीला उडवून लावलं. पण विषय मनातून जाईना. बोलायचं कुणाशी? शेवटी तिनं शिलाई मशीन थांबवलं आणि फोन तोंडाशी धरून त्यालाच हळूच विचारलं, पन्नाशीनंतर निकाह केला तर मुलं काय म्हणतात? मग रोज काही ना काही विचारत राहिली. लग्न जुळवणारं एक ॲपही घेतलं, त्यावर नाव नोंदवून पाहिलं. फोन थोडाच कुणाला सांगणार आहे, असं तिला वाटलं.

रविवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर जेवायला बसले होते. मोईजनं व्हिडिओ लावला, तर आधी जाहिरात आली. पिकल्या केसांचं एक जोडपं बागेत हसत होतं. पन्नाशीनंतरही जोडीदार हवा? आजच नाव नोंदवा. पुढच्या व्हिडिओलाही तीच. तिसऱ्यांदा आली तेव्हा मोईज हसला.

"आपल्या घरात कोणाला लग्न करायचंय? या वयात लोकांना लाजही वाटत नाही."

मदिना ताट घेऊन उठली आणि मोरीपाशी जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली. आपण कपाटात दडवलेली वस्तू कुणी भर चौकात मांडावी, तसं तिला झालं. मंतशानं तिच्या पाठीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मोईज कामावर गेल्यावर मंतशा मशीनपाशी येऊन बसली.

"अम्मी, तुमच्या फोनमध्ये यांचंच खातं आहे. टीव्हीतही तेच. तुम्ही इथं काही शोधलं की तिकडे त्याच्याच जाहिराती लागतात."

मदिना कापडाकडे बघत राहिली. "तू पाहिलंस का, मी काय शोधलं ते?"

"नाही. आणि पाहणारही नाही. कसं पुसायचं ते सांगते, तुम्हीच पुसा."

मंतशा तोंड फिरवून बसली आणि एकेक पायरी सांगत गेली. मदिनानं जुनं सगळं पुसलं, मोईजचं खातं काढून स्वतःचं उघडलं, आवडीनुसार जाहिराती दाखवणं बंद केलं. त्या ॲपनं तिचा ठावठिकाणा आणि फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी घेऊन ठेवली होती. आपण ती कधी दिली, हे तिला आठवेना. तिनं ॲपवरचं आपलं नाव रद्द केलं, मग ॲपही काढून टाकलं.

"आता कुणाला काहीच कळणार नाही?" तिनं विचारलं.

"अगदीच नाही असं नाही, अम्मी. पण घरात तरी तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल."

पुढचे तीन आठवडे मदिनानं शांतपणे विचार केला. बहिणीकडून नंबर घेऊन मास्तरांशी दोनदा फोनवर बोलली. मग एका संध्याकाळी मोईज चहा पीत असताना तिनं सरळ सांगून टाकलं. मोईजनं कप खाली ठेवला.

"आधी का नाही बोललीस?"

"आधी माझं मलाच ठरवायचं होतं, बेटा."

त्याला त्या रविवारचं आपलं बोलणं आठवलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. दोन दिवस तो तुटक वागला. तिसऱ्या दिवशी मात्र बूट घालता घालता म्हणाला, "जुम्म्याला सुटी आहे मला. नशिराबादला जाऊन येतो. मास्तरांचा नंबर तूच दे. मी दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही."